अप्पर का लागत नाही? जुन्या गाडीच्या हेडलाइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारोळ्याच्या बाजूला, हायवेला लागून, गाड्यांच्या वायरिंगचं माझं छोटं दुकान आहे. दिवस मावळायला आला की एखादी जुनी मारुती ८००, झेन, इंडिका नाहीतर सुमो दारात येऊन थांबते, काच खाली होते आणि आतून आवाज येतो, "भाऊ, अप्पर लागत नई, बल्ब टाकी दे." बल्ब टाकायला माझी ना नाही, दोन पैसे मलाही मिळतात. पण बल्ब बदलून तीच गाडी आठ दिवसांनी परत दारात उभी राहते, तेव्हा माणूस माझ्यावर चिडतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत बल्ब हा शेवटचा संशयित. त्याच्यापर्यंत करंट पोचतो का, आणि पोचलेला करंट परत जातो का, हे आधी बघायचं असतं. तेच ते प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. अप्पर म्हणजे लांबचा फोकस, डिपर म्हणजे जवळचा. दुकानात आम्ही हेच बोलतो, इथेही तेच शब्द ठेवलेत.

दोन्ही बाजूंचा अप्पर गेला, डिपर चांगला आहे. सुरुवात कुठून करू?

पाना-पक्कड नंतर. आधी स्टिअरिंगजवळची दांडी स्वतःकडे ओढा, ओव्हरटेक करताना फ्लॅश मारतो तशी. फ्लॅश मारल्यावर अप्पर लखकन लागला आणि दांडी पुढे ढकलल्यावर लागला नाही, तर बल्ब, अर्थ (करंट गाडीच्या बॉडीत परत जायची जोडणी) आणि पुढची वायर ठीक आहे. दोष दांडीच्या आतल्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्लॅशला करंट वेगळ्या वाटेने येतो, म्हणून ही एक हालचाल निम्मं काम करून देते.

फ्लॅशलाही लागला नाही तर फ्यूज बघा. काही गाड्यांत डावा-उजवा फ्यूज वेगळा असतो, काहींत अप्पर-डिपरचा वेगळा. झाकणावर चित्र असतं, पण जुन्या गाडीचं झाकण बहुधा आधीच्या मालकाकडेच राहिलेलं असतं. मग एकेक काढून उजेडात धरा. नुसती आतली पट्टी बघू नका, फ्यूजचे पाय आणि ज्या खाचेत तो बसतो ती खाचही बघा. खाच सैल झाली की तिथे गरम होतं, प्लास्टिक तपकिरी पडतं आणि फ्यूज धडधाकट असून करंट पुढे जात नाही.

फ्यूज चांगला आणि गाडीत अप्परचा रिले (दांडीच्या इशाऱ्यावर बल्बचा करंट जोडणारी छोटी डबी) असेल तर तो. ते झाल्यावर दांडीचा स्विच. आणि मग बल्ब. दोन्ही बल्बचे अप्पर एकाच दिवशी जाणं अवघड. होतं असं की एक दोन महिन्यांपूर्वीच गेलेला असतो, तुम्ही गावातल्या गावात डिपरवर फिरत असता, त्यामुळे कळत नाही. दुसरा काल गेला आणि आज तुम्हाला वाटतं की दोन्ही एकदम गेले.

एकाच बाजूचा लागत नाही.

डाव्याचा बल्ब उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला टाका. खोट बल्बबरोबर बाजू बदलून गेली तर बल्ब घ्या. खोट जागेवरच राहिली तर त्या बाजूचा फ्यूज, कपलर आणि अर्थ बघा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

कपलर म्हणजे बल्बच्या पाठीमागे बसणारी तीन खाचांची टोपी. ती ओढून काढताना कडक, काळी किंवा वाकडी झालेली दिसली तर बदला. नुसती खाच पक्कडने दाबून घट्ट केली की महिनाभर चालतं, मग पुन्हा तेच. नवीन कपलर स्वस्त मिळतो, पण मागच्या वायरही जळून ठिसूळ झालेल्या असतात. चार बोटं मागे कापून ताज्या तांब्याला जोड द्या.

अप्पर लावला की एक लाइट लालसर, मंद लागतो, कधी डिपरही त्याच्याबरोबर अर्धवट पेटतो. हे काय भूत आहे?

हे भूत अर्थिंगचं. या एकाच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

जुन्या गाड्यांत बहुतेक एच-४ जातीचा बल्ब असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट: अप्परचं ६० वॅट, डिपरचं ५५ वॅट. पाय तीन, कारण परतीचा पाय दोघांना मिळून एकच. आता परतीच्या त्या वायरीचा बॉडीशी संबंध तुटला, तर अप्परच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला घरी जायला रस्ता राहत नाही. मग तो शेजारच्या डिपरच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, डिपरच्या वायरीने दुसऱ्या हेडलाइटला जातो आणि तिथल्या अर्थने बाहेर पडतो. वाटेत दोन-तीन फिलामेंट एकामागोमाग आल्यामुळे कोणालाच पुरता करंट मिळत नाही, सगळेच लालसर पेटतात. नळाला पाणी आहे पण मोरीचं भोक बुजलंय, तसं.

धरणगावच्या बाजूच्या एका गुरुजींची जुनी गाडी आली होती. तीन महिन्यांत तीन बल्ब, एक स्विच, सगळं नवीन घातलेलं, आणि डावा अप्पर काही केल्या उजळेना. मी विचारलं, "गुरुजी, मधे गाडी ठोकली होती का?" म्हणाले, थोडी लागली होती, डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. बॉनेट उघडून हेडलाइटमागे बघितलं. अर्थच्या वायरीचा थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, ज्या बोल्टखाली बसतो तिथे पेंटवाल्याने सुरेख, चकचकीत रंग मारून वर बोल्ट आवळला होता. रंगाच्या थरावर थिंबल बसलेला, पत्र्याला लोखंड लागतच नव्हतं. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, थिंबल साफ केला, आवळला, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. लाइट लागला. गुरुजी मला नाही, त्या तीन बल्बांना बघत होते.

तुम्हीही हेच करा: बोल्ट काढा, घासा, आवळा, व्हॅसलीन लावा. आधी आवळून मग व्हॅसलीन, उलटं नाही. आणि बॅटरीच्या वजा टोकापासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी जाड पट्टी विसरू नका, तीही आतून हिरवी पडलेली असते.

उजेड आहे, पण पिवळा आणि मरगळलेला. १००/९० वॅटचा बल्ब टाकू का?

नको. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जिवावर येतं, तरी याला मी नाही म्हणतो.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजला फार नाजूक असतो. व्होल्टेज थोडं पडलं की उजेड त्याच्या कितीतरी पट पडतो. इंजिनिअर लोकांचा ढोबळ हिशोब असा की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड ३० टक्के कमी होतो. आता तुमच्या गाडीचं बघा. बॅटरीवर १३.६ व्होल्ट आहे, बल्बच्या पायावर ११.८ मिळतंय. मधले १.८ व्होल्ट जुन्या वायरीत, गंजलेल्या कपलरमध्ये, काजळी धरलेल्या स्विचमध्ये जिरले. ऐकायला किरकोळ, पण उजेडाच्या भाषेत जवळपास ३८ टक्के गेला. तुम्ही ६० वॅटच्या बल्बचे पैसे भरताय आणि उजेड मेणबत्तीच्या वरचा मिळतोय.

आता यात १०० वॅटचा टाकला तर? ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८.३. तीच वायर, तोच स्विच, पण करंट पावणेदोन पटीच्या जवळ. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे साधारण पावणेतीन पट. स्विचमधून दोन्ही बल्बचा मिळून सतरा अँपिअरच्या आसपास करंट जाणार. होल्डर वितळतो, स्विच जळतो, रिफ्लेक्टरची चमक उडते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशांच्या वर पारा जातो; बॉनेटखालचं प्लास्टिक आधीच भाजून निघालेलं असतं. त्यात ही भर. शिवाय असे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, समोरच्याच्या डोळ्यांत तर ते जातातच.

५५-६० चाच बल्ब ठेवून त्याला पुरते १३ व्होल्ट मिळवून द्या. रस्ता किती पांढरा दिसतो ते बघा.

हे व्होल्टेज घरी मोजता येतं का? माझ्याकडे मल्टिमीटर आहे.

येतं, फक्त बल्ब लावलेला आणि पेटलेला ठेवून मोजा. कपलर काढून रिकाम्या खाचेत मीटरच्या सुया घातल्या तर मीटर हमखास १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच शाबूत असला तरी मीटरला तो पुरतो. बल्बला पुरत नाही. यामुळे कितीतरी जण "सप्लाय ओके आहे" म्हणत भलतीकडे शोधत बसतात. म्हणून मी अजूनही इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्ट लॅम्प वापरतो. तो खोटं बोलत नाही.

मीटरने करायचं तर: इंजिन चालू, अप्पर चालू. एक सुई बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरी कपलरच्या मागून अप्परच्या पायाला. जितकं दिसेल तितकं व्होल्टेज जायच्या वाटेत हरवतंय. मग एक सुई बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरी अर्थच्या पायाला. हे परतीच्या वाटेचं. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की ती बाजू हातात घ्या.

एक सावधगिरी. जपानी वळणाच्या काही जुन्या गाड्यांत, विशेषतः सुझुकीच्या जुन्या घराण्यात, रचना उलटी असते: लाइट चालू केला की दोन्ही फिलामेंटच्या सामाईक पायाला कायम अधिक येतं आणि दांडी अर्थची बाजू जोडते-तोडते. हे माहीत नसलं तर टेस्ट लॅम्प सगळीकडे पेटतो आणि माणूस चक्रावतो. आधी कोणत्या पायाला काय येतं ते कागदावर लिहून घ्या.

रिले किट बसवल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि जुन्या गाडीला मी सांगतो तो हाच एक खर्च. मूळ रचनेत बल्बचा सगळा करंट बॅटरीपासून आत डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, दांडीतून फिरून पुन्हा पुढे येतो. मीटर-दोन मीटरच्या अंतरासाठी पार वळसा. रिले बसवला की दांडी फक्त रिलेला हाक मारते, आणि बल्बचा करंट बॅटरीवरून सरळ, जाड वायरीने जातो. दांडीचं आयुष्यही वाढतं.

किट घेताना किंवा बनवून घेताना: अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले. रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोणी वाली नसतो. ती घासून बॉडीला लागली तर आग. अर्थची वायरही तितकीच जाड ठेवा. लोक अधिकची वायर बोटाएवढी जाड घालतात आणि अर्थला जुनाच केसाएवढा धागा ठेवतात.

वर सांगितलेल्या उलट्या रचनेच्या गाडीला साधं किट नुसतं खोचून चालत नाही, मीटरमधला अप्परचा निळा दिवा वेडावाकडा वागतो. माहितगाराकडून करून घ्या.

एलईडी टाकला तर सगळी कटकटच मिटेल ना?

तुमची मिटेल, समोरच्याची सुरू होईल. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते आणि त्यामुळे डिपरची वरची कड कापल्यासारखी येते. अप्परच्या फिलामेंटला वाटी नाही. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या दोन जागा धरूनच घडवलेली असतात. बाजारातल्या एलईडीमध्ये उजेडाचा ठिपका बहुतेक वेळा नेमका तिथे नसतो. मग गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर दिवसासारखे उजळतात, म्हणून मालक खूश. पण लांब उजेड पोचत नाही आणि डिपरवरही समोरचा आंधळा होतो. आणखी एक: खराब अर्थ असलेल्या गाडीत एलईडीही फडफडतोच. मूळ दुखणं जागेवर.

बल्ब दर दोन महिन्यांनी जातो. कंपनी बदलली तरी तेच.

इंजिन चालू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं. १५ च्या पुढे गेलं तर आमच्या भाषेत कट-आऊट, म्हणजे डायनामोचा रेग्युलेटर गेलाय. तो आज बल्ब खातोय, उद्या बॅटरी उकळवेल. बॅटरीचं पाणी लवकर आटतंय का, हे आठवून बघा.

व्होल्टेज बरोबर असेल तर बल्ब बसवतानाची सवय बघा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट डाग तापून काच त्या जागी फुगते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्ब खाचेत हलत असेल, मागची रबरी टोपी फाटून आत धूळ-पाणी जात असेल, तरी हेच होतं.

चालता चालता बंद होतो, थोड्या वेळाने आपोआप लागतो.

गरम झाल्यावर सुटणारा जोड. रिले, फ्यूजची खाच, नाहीतर दांडीचा कॉन्टॅक्ट. लाइट पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग एकेकाला हात लावा. जो चटका देईल तो गुन्हेगार. खड्ड्यात गेल्यावर जातो आणि पुढच्या खड्ड्यात येतो असं असेल, तर कपलर किंवा अर्थचा बोल्ट सैल आहे. आपल्या रस्त्यांचा तेवढा तरी उपयोग.

दांडीचा स्विच काही वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून वाचतो. आतले तांब्याचे ठिपके खड्डे पडून काळे झाले असतील तर नवीनच घ्यावा लागतो. काम करण्याआधी बॅटरीचं वजा टोक काढा, आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली गाडी असेल तर तिथे घरी हात घालू नका.

रात्री कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या वळणावर अप्पर गेला, तर?

पहिलं, थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत हळू चला, वळणावर उभे राहू नका. चारही इंडिकेटर लावा. मग फ्यूज बघा. तुटलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा टाका. एसीचा किंवा रेडिओचा काढून इथे लावता येतो, आकडा जुळला तर. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरीचा तुकडा खोचू नका. तिथे आग लागली तर बंब यायला किती वेळ लागेल, विचार करा.

रिले असलेल्या बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि लाइटचा रिले एकाच जातीचे असतात. पाय आणि खालचे आकडे जुळले तर हॉर्नचा काढून लाइटला लावा. हॉर्नशिवाय घाट उतरणं काही सुखाचं नाही, पण अंधारापेक्षा बरं.

काहीच जमलं नाही तर डिपरवर या, वेग ५० च्या खाली ठेवून. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर, आणि पुढे थांबायला आणखी साधारण तेवढेच. जुन्या गाडीचा डिपर इतक्या लांबचं नीट दाखवत नाही. म्हणजे थांबलेली ट्रॉली दिसेपर्यंत तुम्ही तिच्यात. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या, शहाद्याकडे उसाच्या बैलगाड्या, आणि कापसाच्या दिवसांत सगळीकडेच ट्रॅक्टर. मागे लाल दिवा असेलच असं धरून चालू नका.

काच पिवळी पडली आहे, घासून निघते का?

प्लास्टिकची असेल तर निघते. पाणी मारत ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी पॉलिश, आणि वरून उन्हापासून वाचवणारा कोट. कोट मारला नाही तर आपल्या उन्हात पुन्हा पिवळी व्हायला वेळ लागत नाही. टूथपेस्टने चमक येते, दोन पावसात जाते. अँबेसिडर-पद्मिनीसारख्या गाड्यांची काच खरी काच असते, ती पिवळी पडत नाही, आतून धुळकट होते.

आतला रिफ्लेक्टर मात्र घासायचा नाही. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, फडक्यानेही निघून येतो. चांदीच्या रंगाचा डबा आणून आतून रंगवलेले हेडलाइट माझ्याकडे येतात. दिसायला चमकतात, उजेड कुठेच जात नाही. रिफ्लेक्टर काळवंडला की अख्खा हेडलाइट बदला.

उंदरांचं काय करावं?

पीक निघाल्यावर शेतातले उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की वायर कुरतडतात. तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, सगळं लोक करून बघतात. मला खात्रीचा एकच उपाय माहीत आहे: गाडी रोज हलवणं आणि बॉनेट अधूनमधून उघडं टाकणं. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते, जोड उघडा पडतो. सोल्डर करा, वर गरम करून आवळणारी नळी चढवा.

फोकस कसा लावायचा?

सपाट जागा, भिंतीपासून १० मीटर. टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपर लावा, त्याची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागचे स्क्रू फिरवून जुळवा. एच-४ मध्ये डिपरचा फोकस जुळला की अप्पर आपोआप जागेवर येतो, त्याला वेगळं काही नसतं. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढलेला दिसतो, तो दोष नाही.

पासिंगला अडवतील का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी आरटीओसमोर न्यावी लागते, एमएच-१८ (धुळे) असो, १९ (जळगाव) असो की ३९ (नंदुरबार). हेडलाइट तपासतात. अप्पर-डिपर दोन्ही लागायला हवेत. निघायच्या आदल्या रात्री नाही, आठ दिवस आधी बघून घ्या.

अप्पर दुरुस्त झाला. आता कायम लावून ठेवू का?

असं विचारणारे फार नाहीत, असं करणारे फार आहेत. समोरून वाहन येत असेल, पुढच्या गाडीच्या मागे जवळून जात असाल किंवा रस्त्यावर खांबांचा उजेड असेल, तर डिपर. मोटार वाहन चालवण्याचे २०१७ चे नियमही हेच सांगतात. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर वरच्या भागात काळा रंग लावायचे, तो याच भांडणावरचा जुना तोडगा होता.

आणि चैत्रात जरा जास्त जपा. सप्तशृंगी गडाकडे निघालेले आपल्याकडचे पायी यात्रेकरू ऊन टाळायला रात्री चालतात, हायवेच्या कडेने. अप्परमुळे ते लांबून दिसतात हे खरं, पण दिसल्यावर डिपर करा. डोळे दिपलेला माणूस कोणत्या बाजूला पाऊल टाकेल, सांगता येत नाही.

मीटरमधला निळा दिवा लागत नाही, पण अप्पर लागतो.

त्याचा छोटा बल्ब गेलाय. बदला, नाहीतर अप्पर चालू राहून गेल्याचं तुम्हाला समोरच्याच्या शिव्यांवरूनच कळेल.

दुकानात गाडी आणताना काय लक्षात ठेवू?

संध्याकाळी या, भरदुपारी फोकस भिंतीवर दिसत नाही. आणि काढलेला जुना बल्ब फेकू नका, बरोबर आणा. त्याच्याकडे बघून बरंच कळतं. काच आतून काळसर चंदेरी झाली असेल तर तो वयाने किंवा जास्त व्होल्टेजने गेला. आत पांढरी भुकटी असेल तर काचेला चीर पडून हवा शिरली. काचेला फोड आला असेल तर कोणाचं तरी बोट लागलं होतं. आणि काच स्वच्छ, फिलामेंट शाबूत, तरी लागत नव्हता, तर मी तो फुंकर मारून तुमच्याच गाडीत परत बसवीन आणि अर्थचा बोल्ट शोधायला वाकेन.